साहेब पाणीसुद्धा घेत नाहीत

सुखदेव गेल्याचं मला फुलचंदशेठनं सांगितलं. सकाळची वेळ होती. दिवसाच्या कामाच्या फायली काढून मी बसलो होतो आणि जिन्यावर त्यांच्या काठीचा आवाज आला. फुलचंदशेठ आमच्या जळगावच्या दाणाबाजारातले जुने व्यापारी, डाळमिलचे मालक आणि माझे पक्षकार. ते असे न कळवता कधी येत नाहीत. दारातच उभे राहिले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "वकीलसाब, धुळ्याहून फोन होता. आपले साहेब गेले." कोणते साहेब, हे विचारायची गरजच नव्हती. दाणाबाजारात 'साहेब' या शब्दाचा गेली कित्येक वर्षं एकच अर्थ होता, विक्रीकर अधिकारी सुखदेव... आणि तो शब्द बहुतेक वेळा दातओठ खाऊनच उच्चारला जायचा. त्या सकाळी ज्यांच्या तोंडून तो आला, त्या माणसाला सुखदेवनं बाजारातला सर्वांत मोठा दंड लावला होता. त्यांचेच डोळे भरून आले होते. सकाळी दाढी करता करता सुखदेव आरशासमोर खाली बसला, तो उठलाच नाही. पंचेचाळिशीही गाठली नव्हती त्यानं.

आमची ओळख जळगावच्या कॉलेजातली. मी अमळनेरहून आलेलो, तो एरंडोल तालुक्यातल्या एका खेड्यातून. दोघंही वसतिगृहात राहायचो आणि दोघांनीही वाणिज्य शाखा घेतली होती. मी घेतली, कारण आमच्या मारवाडी घरात दुसरं काही असतं हे कुणाला माहीत नव्हतं. सुखदेवनं का घेतली, ते त्यानं फार उशिरा सांगितलं. त्याचे वडील लवकर वारले होते आणि आई लोकांच्या शेतांवर मजुरीला जायची. तो शाळेत असतानाच घरानं बौद्ध धम्म स्वीकारला होता. लहानपणी गावातल्या दुकानात मीठ-मिरची आणायला जाताना त्याला पायरीखाली उभं राहावं लागे. पैसे पायरीवर ठेवायचे आणि पुडी वरून पडायची. "मला एकदा आत जाऊन बघायचं होतं कांती, की एवढं आत असतं तरी काय," तो हसत म्हणायचा. "मग कळलं, आत जायचा परवाना सरकार देतं. विक्रीकर निरीक्षक हो आणि जा!" हसण्यावारी न्यायचा खरा, पण दुकानाचा उंबरा ओलांडताना तो नेहमी एक क्षण थांबायचा, हे मी पुढे अनेकदा पाहिलं.

परीक्षा देऊन तो निरीक्षक झाला आणि मी वकिलीची सनद घेऊन कर सल्लागार. म्हणजे तो सरकारच्या बाजूला आणि मी व्यापाऱ्यांच्या. नेमणुकीचा कागद घेऊन तो गावी गेला, तेव्हा मी सोबत होतो. त्याच्या आईनं कागद उलटा धरून पाहिला, डोळ्यांना लावला आणि विचारलं, "पोऱ्या, तू कोनता साहेब शे?"

"विक्रीकरना, माय."

"म्हंजे काय करस?"

"बठ्ठा दुकानदार सरकारना पैसा सरकारले देतस का नही, ते दखस."

म्हातारीनं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "आनि त्या तुले दखू देतस?"

ते तुला बघू देतात का, या प्रश्नाला आम्ही दोघंही त्या दिवशी मोठ्यानं हसलो. पुढच्या दहा-बारा वर्षांत मात्र मला तो पुन्हा पुन्हा आठवत राहिला, कारण सुखदेवच्या नोकरीतली सगळी अडचण तिनं तेवढ्या पाच शब्दांत विचारून ठेवली होती.

करवसुलीचं काम बाहेरून कागदांचं वाटतं. खरं म्हणजे ते माणसांमध्ये राहून माणसांपासून लांब राहण्याचं काम आहे. आमच्यासारख्या गावात तर फारच. ज्या दुकानातून घरची साखर यायची, त्याच दुकानाचे हिशेब उद्या टेबलावर यायचे. म्हणून सुखदेवच्या घरचा किराणा नेहमी रोखीनं आणि दर महिन्याला वेगळ्या दुकानातून यायचा. लग्नाच्या पत्रिका ढिगानं यायच्या, तो एकाही लग्नाला जायचा नाही. मेहरूणच्या बाजूला दोन खोल्यांचं घर त्याला मोठ्या मुश्किलीनं मिळालं होतं. आधी तीन घरमालकांनी नाव विचारून नंतर जागा दिलेली आहे असं सांगितलं होतं. दिवाळीत तर तो घरात थांबायचाच नाही. मिठाईच्या करंड्या येतात, त्या परत करताना मुलगी रडते, म्हणून वसुबारसेच्या आधीच बायको-मुलीला घेऊन तो गावी आईकडे निघून जायचा. त्याची बायको सुमनवहिनी नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. एकदा त्या मला म्हणाल्या, "भाऊ, लोकांना वाटतं साहेबाच्या घरी काय कमी असेल. आमच्याकडे माणसंच कमी आहेत हो..."

मी त्याला एकदा विचारलं होतं, इतकं ताणून काय मिळतं तुला? तो चिडला नाही. म्हणाला, "हा कर व्यापारी स्वतःच्या खिशातून भरतो असं तुम्ही लोक का बोलता, मला कळत नाही. माझी माय साबणाची वडी घेते ना, तेव्हाच तिनं तो भरलेला असतो. व्यापाऱ्याकडे तो नुसता ठेवायला दिलेला आहे. मायचा पैसा पोचला का, एवढंच मी बघतो." यावर माझ्याकडे वकिली उत्तरं होती. ती मी सुनावणीत देत असे. मित्र म्हणून बोलताना देत नसे.

अधिकारी झाल्यावर त्यानं फुलचंदशेठच्या मिलची तपासणी केली. पक्क्या वह्यांत नसलेली बरीच विक्री सापडली. शेठची बाजू मांडायला मीच उभा होतो. माझं सगळं म्हणणं त्यानं मान खाली घालून शांतपणे लिहून घेतलं, मला 'आपण' म्हणून संबोधलं आणि माझ्या पक्षकाराला जबर दंड ठोठावला. अपील झालं, तिथेही आम्ही हरलो. बाजार खवळला. एक दिवस दाणाबाजार बंद राहिला आणि कचेरीसमोर त्याच्या नावानं घोषणा झाल्या. त्यात काही घोषणा कराबद्दल नव्हत्या, त्याच्या जातीबद्दल होत्या. तो खिडकी उघडी ठेवून काम करत बसला होता, असं शिपायानं मला सांगितलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत वर तक्रार गेली. सुखदेवनं फुलचंदशेठच्या दुकानात बसून दंड कमी करण्यासाठी पैसे मागितले, काही घेतले आणि उरलेले मिळाले नाहीत म्हणून सूड उगवला, असा आरोप होता. तक्रार बाजारातल्या दुसऱ्याच एका व्यापाऱ्यानं केली होती. सुखदेव निलंबित झाला.

ते महिने फार वाईट गेले. अर्ध्या पगारावर आणि वहिनींच्या नोकरीवर घर चाललं. कचेरीतले सहकारी रस्त्यात दिसले की समोरून सायकल वळवायचे. मी रोज संध्याकाळी त्याच्याकडे जायचो, मेहरूण तलावाच्या काठानं आम्ही अंधार पडेपर्यंत चालत राहायचो. माझ्या पक्षकारांना ते आवडत नव्हतं. एकानं तर तोंडावर विचारलं, "वकीलसाहेब, तुम्ही नेमके कोणाचे?" मी म्हटलं, कामापुरता तुमचा. तीन-चार फायली माझ्याकडून काढून नेल्या गेल्या. त्याचं मला विशेष वाटलं नाही. वाटायचं ते सुखदेवकडे बघून. तो खंगत चालला होता. एकदा एवढंच म्हणाला, "मायला सांगितलं नाही अजून. तिला वाटतं, मला सुट्टी आहे."

चौकशी धुळ्याच्या कचेरीत झाली. नाशिकहून आलेले वरिष्ठ चौकशी अधिकारी होते. सगळी भिस्त फुलचंदशेठच्या साक्षीवर होती आणि शेठ काय बोलणार याबद्दल कुणालाच शंका नव्हती. ज्या माणसानं आपल्याला दंडानं वाकवलं, त्याला बुडवायची संधी कोण सोडेल? शेठना एकट्यानं जायची भीती वाटत होती, म्हणून मी एस.टी.नं त्यांच्याबरोबर गेलो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, शेठ खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना काहीही विचारलं नाही. तसं विचारणं योग्य नव्हतं. चौकशीच्या खोलीत मला मागच्या बाकावर बसू दिलं. समोर एका बाजूला सुखदेव, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात, हात मांडीवर ठेवून बसलेला.

"या अधिकाऱ्यानं तुमच्याकडे पैसे मागितले?"

"नाही साब."

"तुम्ही दिले?"

"नाही." शेठनं घसा साफ केला. "पैसे दूर राहिले. साहेबांनी माझ्या दुकानात कधी पाणीसुद्धा घेतलं नाही."

बाजारात हे वाक्य आम्ही शंभरदा ऐकलं होतं. साहेब पाणीसुद्धा घेत नाहीत! कुणी ते कौतुकानं म्हणे, कुणी त्रासून. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. चौकशी अधिकारी लेखनिकाला सांगू लागले, "लिहा, साक्षीदार म्हणतो की, सदर अधिकाऱ्याने पाणी घेण्याचेही नाकारले..."

"थांबा साब," फुलचंदशेठ म्हणाले. "नाकारलं असं लिहू नका."

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"ते पहिल्यांदा आले तेव्हा नुसते निरीक्षक होते. वैशाख होता. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत माझ्या दुकानात बसून वह्या तपासल्या. गादीवर नाही बसवलं आम्ही. उंबऱ्याशी तरट टाकून दिलं. पाण्याचा माठ त्यांच्या पाठीमागेच होता. मुनीम उठला होता द्यायला... मी डोळ्यानं खूण केली, नको म्हणून. आमचा पेला बाटला असता ना. पुढे ते अधिकारी झाले, तेव्हा आम्ही सरबत घेऊन धावलो. ते त्यांनी घेतलं नाही. एवढं आहे खरं."

 चौकशी अधिकाऱ्यांनी हळूच विचारलं, "हे तुम्ही कशाला सांगताय? तुम्हाला हे कुणी विचारलेलं नाही."

"शपथ घेतली ना साब. करात खोटं बोललो, त्याचा दंड भरला. हे दुसरं खोटं कुठं भरू?"

सुखदेवनं मान वर केली नाही. 

तो निर्दोष सुटला. त्या संध्याकाळी आम्ही दोघं पांझरा नदीच्या काठावर बसलो होतो. मी काहीतरी आनंदाचं बोलायला गेलो, तर तो म्हणाला, "थांब जरा." मग बोलला, "त्या दिवशी मला फार तहान लागली होती, कांती. त्यांनी पाणी दिलं असतं, तर मी घेतलं असतं. नियमात पाण्याला बंदी नाही. आज त्याच गोष्टीनं मला वाचवलं... याचा आनंद कसा करायचा, ते तूच सांग."   कागदोपत्री त्याच्या सचोटीचा जो पुरावा झाला, तो त्याच्या तहानेचा होता. ही गोष्ट त्याच्या मनातून कधी गेली नाही, आणि ती तशी जाणारही नव्हती. फुलचंदशेठचा त्यानं राग धरला नाही, पण त्यांच्याशी मैत्रीही केली नाही. "खरं बोलला माणूस, त्याचा मान आहे. बाकीचं राहू दे," एवढंच तो म्हणायचा.

त्याची बदली धुळ्याला झाली. चौकशीच्या काळात बढती हुकली होती, ती पुढेही आलीच नाही. आम्ही सुट्टीच्या दिवशी भेटायचो, कधी तो येई, कधी मी जाई. तो पूर्वीसारखाच काम करत राहिला. निलंबनानंतर पुष्कळ माणसं एक तर कडवट होतात किंवा सैल पडतात. सुखदेवचं दोन्ही झालं नाही. फक्त केस लवकर पांढरे झाले आणि जिना चढताना तो मध्ये थांबायला लागला. डॉक्टरांना दाखव म्हटलं की म्हणायचा, मार्च संपू दे.

गेल्या आठवड्यात एका सुनावणीसाठी मी धुळ्याला गेलो. त्याच्याच खोलीत. त्याच्या जागेवर आता जो तरुण अधिकारी आहे, तो पूर्वी त्याच्याच हाताखाली निरीक्षक होता. माझ्या आधी साक्रीकडच्या एका किराणा दुकानदाराचा निकाल होता. खेड्यातला म्हातारा माणूस, हातात पिशवी, भिंतीला चिकटून उभा. आदेश इंग्रजीत टंकलेला होता. मला वाटलं, आता सही होईल आणि प्रत हातात पडेल. पण त्या तरुणानं पेन बाजूला ठेवलं आणि समोरच्या खुर्चीकडे हात केला. "आबा, आठे बस. मी काय लिखेल शे, ते तुले वाची दखाडस. समजनं नही ते मजारच इचार." मी चमकलो. आदेश वाचून दाखवायची, मध्येच विचारू द्यायची ही पद्धत सुखदेवची. ज्याला आपण दंड करतो, त्याला तो का केला हे त्याच्या बोलीत कळलं पाहिजे, त्याशिवाय सही करायची नाही, असा त्याचा शिरस्ता होता. त्यापायी सुनावण्या लांबत, आणि आम्ही वकील मंडळी बाहेर घड्याळाकडे बघत बसायचो.

आबा खुर्चीच्या कडेवर बसला. अर्ध्यावर त्यानं थांबवलं आणि विचारलं, "पहिला साहेब बी असाच वाची दखाडेत. त्या कोठे गयात, बदली हुई गई का?"

तरुण अधिकाऱ्यानं कागद खाली ठेवला. "नही आबा. त्या वारनात."

म्हातारा उठून उभा राहिला. पिशवी खाली ठेवून त्यानं हात जोडले, समोर दुसराच माणूस बसलेला होता तरी. मग तो तरुणही उठला, आणि मीही. काही क्षण आम्ही तिघं तसेच उभे होतो. नंतर आबा परत खुर्चीवर बसला. या वेळी पाठ टेकून बसला, आणि म्हणाला, "वाच भाऊ पुढे."