ठिबकच्या नळीचे तुकडे

ती केस आजही डोक्यातून जात नाही, खरं सांगतो! फौजदार म्हणून मी थोडीच वर्षं काढली अन् नोकरी सोडली. 'निवृत्त' म्हटलं की मित्र हसतात. हसू दे.

पारोळ्याकडच्या खेड्यातले एक आबा ठाण्यात आले. घरात एकटेच. पोराची मोटरसायकल पडवीतून चोरीला गेली होती. पोरगा भांडून घर सोडून गेलेला, गाडी मात्र मागे ठेवून.

भांडण कशावरून? पोराने गाडीला बाहेरची लाल फेअरिंग, म्हणजे पुढचं प्लास्टिकचं कवच, बसवली होती. कंपनीची नाही, त्यामुळे भोकं जुळेनात, गाडी चालली की नुसती खडखड. मग पट्ठ्याने शेतातलं चालू ठिबक कापलं अन् नळीचे तुकडे बोल्टमागे घातले! आबा नको ते बोलले.

हवालदार म्हणाले, "आबा, फेअरिंग लावली म्हणून काय विमान झालं का? दुसरी गाडी घेईल तो."

आबा म्हणाले, "गाडीसाठे तरी मना पोऱ्या घर ई, साहेब. गाडीच नही तं कसाले ई?"

गाडीसाठी तरी पोरगा घरी येईल, एवढीच त्यांची आशा. गुन्हा दाखल केला. चोर आधी फेअरिंग काढून फेकतो, कारण ती लांबून ओळखू येते. म्हणून भंगारवाले पालथे घातले. काहीच नाही! मग खबऱ्याचा फोन आला, धुळ्यात एका फिटरकडे लाल फेअरिंगवाली गाडी आली होती.

फिटरला दरडावलं तर तो म्हणाला, "साहेब, गाडी चोरीची नसेल. एक बाजू फुटली होती. नवी लावताना भोकं जुळेनात, तर गिऱ्हाईकानेच खिशातून काळ्या नळीचे तुकडे काढून दिले. कोणता कुठे बसतो, त्याला तोंडपाठ!"

मी गारच पडलो. पडवीत गाडीचं कुलूप फोडल्याची खूणही नव्हती, हे तेव्हा आठवलं.

पोरगा धुळ्यातच सापडला. ठाण्यात बसवला. "गाडी माझ्या नावावर आहे साहेब, चावीपण माझीच. चोरी कसली?"

"मग आबांना हाक का नाही मारली?"

तो बोटाने टेबल खरवडत राहिला. "झोपले होते. खाटेजवळून गाडी ढकलत नेली."

आबांना सांगायला मी स्वतः गेलो. एवढ्या चौकश्या केल्या, पण इतकं जड कधी गेलं नव्हतं.  ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "खडखड बंद व्हयनी का?"

"झाली, आबा."

ते आत गेले अन् ठिबकच्या नळीचं कोरं वेटोळं घेऊन आले. "त्याले द्या. पुन्हा लागी."

गैरसमजातून तक्रार, म्हणून सी समरी, म्हणजे केस बंद करायचा अहवाल, कोर्टात पाठवली. कागदावर केस संपली. मला तिने एवढंच शिकवलं की तपासात गाडी सापडते, गाडीमागे कोण वाट बघत होतं त्याचा पंचनामा होत नाही.

वेटोळं मी पोराला दिलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं. "आबांनी कापलं नाही? अख्खंच दिलं?"

"हो. घरी जाशील?"

"बघू," म्हणाला, अन् ते गाडीच्या हँडलला अडकवून निघून गेला. गाडीची जराही खडखड झाली नाही.