बाबांच्या नावावरची गाडी

आमच्या घरात एका वेळी दोन गाड्या होत्या, आणि त्यातल्या एकीत मी आयुष्यात कधी बसले नाही. ती बाबांच्या नावावर होती, एवढंच. चालवायचा दुसराच.

दुबईच्या करामा भागात नव्वदच्या दशकाच्या शेवटाला हे सर्रास चालायचं. मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा. टेस्टमध्ये चार-पाचदा आपटून एकदाचं लायसन्स हातात पडलेलं, पेढे वाटून झालेले. मग तो एखादी जुनी गाडी हेरायचा आणि विम्याची चौकशी करायला गेला की तोंड पाडून परत यायचा. वय पंचविशीच्या आत आणि लायसन्स नवंकोरं, म्हणजे विमावाल्याच्या लेखी हा चालताबोलता अपघातच. गाडी आठ हजार दिरहॅमची आणि नुसता विमा अडीच हजारांचा. "म्हणजे साडेसत्तावीस हजार रुपये!" तो मोठ्यानं म्हणायचा. मग कुणीतरी सुचवायचं, अरे, एखाद्या वयस्कर माणसाच्या नावावर घे ना. मुल्किया, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं कार्ड, त्याच्या नावाचं, विमाही त्याच्याच नावाचा, तिसऱ्या हिश्श्याच्या पैशांत. वर्षभर चालवायची, आपलं लायसन्स जरा जुनं झालं की आपल्या नावावर करून घ्यायची. खलास.

आमच्या गल्लीत असा हक्काचा वयस्कर माणूस म्हणजे माझे बाबा. त्यांचं दुबईचं लायसन्स माझ्यापेक्षा वयानं मोठं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाच्या गाडीला ओरखडा काढला नव्हता की सिग्नल तोडला नव्हता. याचा त्यांना इतका अभिमान होता की पाहुण्यांना चहाबरोबर लायसन्स दाखवायचे. आणि नाही म्हणणं हा प्रकार त्यांना येतच नसे. दोन मुलांना त्यांनी असं आपलं नाव वापरायला दिलं होतं. दोघांनीही वर्षानं गाड्या आपल्या नावावर करून घेतल्या आणि मिठाई आणून दिली. तिसरा आला तेव्हा मात्र आई भडकली.

"तुमचं लायसन्स म्हणजे धर्मशाळा आहे का हो? उद्या त्यानं कुणाला उडवलं तर?"

"अगं, आपल्याकडचा मुलगा आहे. तासगावचा. सेल्सची नोकरी, गाडीशिवाय कसं करणार बिचारा?"

"बिचारा!" आई म्हणाली. "सगळ्या जगात तुम्हाला बिचारेच भेटतात."

आमचं गाव मिरज, त्यामुळे तासगाव म्हणजे घरातलाच. मला तो आवडायचाही, खोटं कशाला बोलू? शेजारच्या बिल्डिंगमध्ये पाच बॅचलर मिळून राहायचे, त्यातला हा एक. शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा, स्वतःचं ताट घासून ठेवायचा. मी इंग्लिशमध्ये उत्तरं दिली की "तुमची मराठी दुकानात मिळत नाही का?" म्हणून चिडवायचा. त्याच्या पांढऱ्या गाडीची मुल्किया बाबांच्या नावाची झाली, आणि आई चार दिवस बाबांशी बोलली नाही.

पुढच्याच वर्षी आईला गाठ निघाली. दुबईत ऑपरेशनचा खर्च झेपण्यातला नव्हता, आणि मिरजेत दवाखाने होते, सख्खी मावशी होती. आई पुढे गेली. मी कॉलेजच्या परीक्षेसाठी मागे राहिले. बाबांना पंधरा दिवसांनी रजा मिळणार होती. तिकीट काढलेलं होतं आणि ते फ्रिजच्या दारावर मॅग्नेटखाली लावलेलं होतं, येता-जाता दिसेल असं. आई फोनवर रोज एकच विचारायची, "कधी निघताय?"

एका गुरुवारी संध्याकाळी तो मुलगा आमच्याकडे आला. घामानं निथळत होता. म्हणाला, "काका, गावाहून फोन आला. आई सिरियस आहे. पहाटेच्या फ्लाइटनं निघतोय. किल्ली तुमच्याकडे ठेवा."

बाबांचे डोळेच भरून आले. एकाची बायको आजारी, दुसऱ्याची आई. त्यांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. मग नेहमीचं, गल्फमध्ये प्रत्येक जण करतो तेच. माणूस गावी निघालाय ना, मग त्याच्याबरोबर काहीतरी पाठवायचंच. बाबा धावत खाली गेले आणि आईसाठी बदाम, खजूर आणि एक मोठा मऊ टॉवेल घेऊन आले, कारण दवाखान्यातले टॉवेल अंगाला टोचतात अशी ती तक्रार करत होती. "जमलं तर मिरजेला देऊन ये रे," बाबा म्हणाले. त्यानं पिशवी घेतली, वाकून नमस्कार केला आणि गेला.

शुक्रवारी दुपारी बाबा ओट्यापाशी भेंडी चिरत होते. बेल वाजली, मी दार उघडलं. दोन पोलीस. आवाज चढवला नाही त्यांनी, सलाम वगैरे केला. त्यांच्याकडे एका गाडीचा नंबर होता, बाबांच्या नावावरचा. आदल्या दिवशी संध्याकाळी त्या गाडीनं अल कुसैसच्या रस्त्यावर एका सायकलवाल्याला उडवलं होतं आणि न थांबता निघून गेली होती. सायकलवाला एका हॉटेलात पार्सल पोचवायचं काम करायचा. रात्रीतच गेला.

गाडी बिल्डिंगमागच्या वाळूच्या मैदानात सापडली. तिच्यावर कव्हर घातलं होतं. तो कधीच कव्हर घालायचा नाही. कव्हर काढलं तर उजवा हेडलाइट फुटलेला, काच तडकलेली. आणि किल्ली कुणाच्या घरात, तर आमच्या. टीव्हीच्या शेजारी, बाबांच्या चष्म्यापाशी.

"मैं घर पे था," बाबा पोलिसांना सांगत राहिले. "मेरी बेटी को पूछो." पण बेटीला कोण विचारतोय! घरचं माणूस घरच्या माणसाच्याच बाजूनं बोलणार. मी पोलीस स्टेशनच्या बाहेरच्या बाकावर बसून होते, कुणीतरी आत बोलावेल म्हणून. वाक्यं मनात तयार करून ठेवली होती, इंग्लिश, हिंदी, तोडकीमोडकी अरबीसुद्धा. कुणी बोलावलंच नाही. त्या मुलाचं नाव बाबांनी पहिल्याच तासात सांगितलं, पण तो तोवर मुंबईत उतरला होता. त्याचे रूमवाले म्हणाले, आम्हाला काही माहीत नाही. आई जाण्याआधी आमच्याकडे बसून पुरणपोळ्या हाणल्या होत्या त्यांनी. सरळ काखा वर केल्या.

दोन रात्रींनी बाबांना सोडलं, पण पासपोर्ट ठेवून घेतला. केस संपेपर्यंत देश सोडायचा नाही. घरी आल्यावर बाबांनी आंघोळ केली, फ्रिजवरचं तिकीट काढलं, खणात ठेवलं आणि मला म्हणाले, "आईला यातलं काही कळता कामा नये. तिनं नको म्हटलं होतं. ती खचेल."

त्याच रात्री आईचा फोन आला. बाबांनी स्पीकर लावला. आईचा आवाज खूप दिवसांनी टवटवीत होता.

"अहो, तो आला होता! थेट मुंबईहून इकडे, आधी मला भेटून मग घरी गेला. टॉवेल काय मऊ आहे! पायाला हात लावून नमस्कार केला. मी उगाच त्याच्यावर चिडले होते हो. किती गुणी मुलगा!"

बाबांनी डोळे मिटले. "हो," ते म्हणाले. "चांगला आहे."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि भिंतीवर मुठी आपटल्या. आजही ते 'चांगला आहे' आठवलं की माझं डोकं फिरतं. मेल्या, माणूस मारून आलास, खोटं बोलून आमचाच टॉवेल नेलास, आणि वर जाऊन माझ्या आईच्या पाया पडलास? पोचवला नसतास तर बरं झालं असतं. तुला सरळ राक्षस म्हणून मोकळी झाले असते.

मग सुरू झालं आमचं खोटं. ऑफिसात ऑडिट आहे. साहेब रजा देत नाही. दुसरा माणूस आला की निघतोच. आईचं ऑपरेशन झालं, ते बाबांशिवाय. डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं की पसरलंय, फार दिवस नाहीत, तेही बाबांनी फोनवरच ऐकलं. दर आठवड्याला ते पोलीस स्टेशनला जायचे, पासपोर्टचं विचारायचे, "इन्शाल्ला, नेक्स्ट वीक" ऐकून परत यायचे. आणि जेवताना एकदम घास हातात तसाच ठेवून म्हणायचे, "त्या सायकलवाल्याच्या घरी कळवलं असेल का गं कुणी? त्याचीही बायको असेल." मी म्हणायचे, "बाबा, जेवा."

परीक्षा संपल्यावर त्यांनी मला एकटीला पाठवलं.

आई अर्धी झाली होती. तो मऊ टॉवेल तिनं उशीवर पसरला होता आणि त्यावर गाल ठेवून पडली होती. बाबांचा फोन आला की ती तोंड भिंतीकडे करायची. "ऑफिसशीच बोलत बसा म्हणावं," म्हणायची. "बायको मरायला टेकली तरी यांचं ऑडिट संपत नाही. त्या परक्या पोराला माझी आठवण आली, यांना नाही." मावशी माझ्याकडे बघायची, मी खिडकीबाहेर. असं किती दिवस चाललं कोण जाणे. एका दुपारी तिनं पुन्हा त्या मुलाचं कौतुक काढलं, आणि माझा बांध फुटला. बाबांचा शब्द गेला खड्ड्यात. मी सगळं सांगून टाकलं. गाडी, सायकलवाला, किल्ली, पासपोर्ट, सगळं.

आईनं मान उचलली, गालाखालचा टॉवेल ओढून काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तिकडे ठेव," म्हणाली. "आणि फोन लाव त्यांना."

मला वाटलं, आता रडारड होणार. कसलं काय! आईनं विचारलं, जेवलात का? कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालता ना? गॅसचा सिलिंडर मागवला का? बाबा एकेका प्रश्नाला "हो" म्हणत होते, तेवढंच शेजारी उभ्या मला ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, "मला कळलंय सगळं. तुम्ही आला असतात, हे कळलं, बास झालं. ठेवते आता, बिल वाढतंय."

त्यानंतर चार-पाच दिवसांनी ती गेली. अग्नी मी दिला. आम्ही स्मशानात निघण्याआधी बाबांनी फोनवर वेळ विचारून घेतली होती, आणि त्याच वेळी करामातल्या आमच्या बाथरूममध्ये ते थंड पाण्यानं आंघोळ करून, ओल्या अंगानं एकटेच स्वयंपाकघरात जमिनीवर बसले. हे त्यांनी मला कधीतरी नंतर सांगितलं. शेजारी कुणी नव्हतं. पासपोर्ट मिळाला तो आणखी काही महिन्यांनी. गाडी बाबा चालवत होते हे सिद्ध झालं नाही, आणि मेलेल्या माणसाच्या घरच्यांना विमा कंपनीनं भरपाई दिली. तो मुलगा पुन्हा कधी दिसला नाही. त्याची आई म्हणे ठणठणीत होती.

दोनेक वर्षांनी मला शारजात नोकरी लागली. चौथ्या फेरीत टेस्ट पास झाले. एक लहानशी जुनी गाडी बघितली आणि विम्याचा आकडा ऐकून माझंही तोंड पडलं. वय तेवीस, लायसन्स नवं. घरी येऊन बाबांना सांगितलं, तर हा माणूस भाजीत चमचा फिरवत शांतपणे म्हणतो, "माझ्या नावावर घे ना."

मी अशी काही ओरडले की वरच्या मजल्यावरची बाई दारात आली. "तुम्हाला काही वाटतं का? अजून अक्कल नाही आली?"

बाबांनी गॅस बारीक केला. "तू थोडीच पळून जाणार आहेस?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं विम्याच्या ऑफिसात गेलो, त्याच जुन्या कंपनीत. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. काउंटरवर माझ्याच वयाचा एक मुलगा होता. बाबांनी खिशातून लायसन्स काढून त्याच्यापुढे ठेवलं, पाहुण्यांपुढे ठेवायचे तसं. त्या मुलानं नंबर टाकला, कॉम्प्युटरकडे बघितलं, पुन्हा टाकला.

"अंकल, आपके नाम पे तो डेथ केस दिखा रहा है," तो हळूच म्हणाला. "आपके नाम पे और महँगा पड़ेगा. मॅडम के नाम पे ही करो."

बाबांना आधी कळलंच नाही. मग ते म्हणाले, "लेकिन मैं नहीं चला रहा था."

"सिस्टम में चलानेवाला नहीं आता, अंकल. ओनर आता है."

"मैं घर पे था," बाबा म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण मागे रांगेतली माणसं डोकावून बघायला लागली. "उस दिन मैं घर पे था. मेरी बेटी को पूछो."

आणि त्या मुलानं खरंच माझ्याकडे बघितलं. स्टेशनवरच्या बाकावर मी तयार करून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवेना.

"हां," मी म्हणाले. "घर पे थे."

त्यानं मान हलवली, बाबांचं लायसन्स दोन्ही हातांनी त्यांना परत दिलं आणि माझा फॉर्म पुढे ओढला.

"मॅडम, कॅश या कार्ड?"