वळणाची उजवी बाजू

मी माझ्या मुलीपेक्षा बारा सेकंदांनी हळू आहे. पन्नाशी ओलांडलेल्या, शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माणसाने गंभीर चेहऱ्याने सांगावी अशी ही गोष्ट नव्हे, पण गेलं वर्षभर माझ्या डोक्याला दुसरा उद्योग नाही. संगणकावर गाड्यांच्या शर्यतीचा एक खेळ आहे. त्यात युरोपातल्या कुठल्याशा डोंगरात, उंच झाडांमधून फिरणारा एक ट्रॅक आहे. त्याची एक फेरी ती जेमतेम दोन मिनिटांच्या आत मारते. मी मात्र सगळं जुळून आलं तरी त्या दोन मिनिटांपुढे बारा सेकंद रेंगाळतो, आणि सगळं क्वचितच जुळून येतं.

बारा सेकंद म्हणजे फार नाही असं वाटेल. शाळेची घंटा बारा सेकंद उशिरा वाजली तर शिपायालासुद्धा कळत नाही. पण या खेळात माणसं सेकंदाच्या तुकड्यासाठी आठवडे घालवतात, हे मला मुलीनेच सांगितलं. तिच्या मते बारा सेकंद हा फरक नसतोच, तो वेगळा रस्ता असतो. हे ती चिडवायला म्हणाली होती, पण ते अगदी खरं निघालं.

आमचं घर कर्जतजवळ, भिवपुरीच्या अलीकडे, रस्त्याला लागून आहे. घरापासून थोडं पुढे ओढ्यावरची मोरी आहे आणि मोरीवर रस्ता वळतो. घरात मी एकटा. मुलगी इथल्याच कॉलेजात इंजिनिअर झाली आणि नोकरीसाठी पुण्याला गेली. जाताना कपडे नेले, पुस्तकं नेली, पण जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेलं खेळातलं स्टिअरिंग आणि त्याखालची पेडलं तशीच ठेवून गेली. पुण्यात तिने दुसरं घेतलं. हे काढून ठेवू का, असं मी फोनवर विचारलं, तर म्हणाली, राहू द्या, तुम्हीच खेळा. मी खेळायला बसलो तो गाडी आवडते म्हणून नाही. रोज संध्याकाळी फोन करून जेवलीस का विचारायचं, तिने हो म्हणायचं, मग दोघांनी पाच-दहा क्षण गप्प बसायचं, याचा मला कंटाळा आला होता. बोलायला काहीतरी हवं होतं. तसं ते मिळालंही. कुठे ब्रेक लावला, कुठला गिअर, मागचं चाक का घसरलं, यावर आम्ही इतकं बोललो की तिच्या दहावीच्या वर्षातही तेवढं बोललो नसू.

मग तिने गाडी घेतली. खरी, जुनी, पांढरी. गाडी शिकवायला मी कायम नकार दिला होता, म्हणून ती पुण्यात एका क्लासला जाऊन शिकली आणि लायसन्स हातात आल्यावर मला सांगितलं. दर शनिवारी आता गाडीनेच येणार, ट्रेनच्या वेळा बघत बसायला नको, असं आनंदाने सांगत होती. मी हसल्यासारखं केलं. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात गेलो आणि कशाला आलो ते आठवेना.

पुण्याहून आमच्याकडे यायचं म्हणजे घाट उतरून खोपोली, आणि तिथून कर्जतचा रस्ता. त्या रस्त्यावर पळसदरीच्या पुढे एक वळण आहे. माझी बायको खालापूर तालुक्यातल्या एका शाळेत शिकवायची, स्कूटरने जायची. त्या वळणावर खोपोलीकडून येणाऱ्या गाडीने वळण कापलं. म्हणजे स्वतःची डावी बाजू सोडून आतल्या अंगाने, उजवीकडून आली. बायको आपल्या बाजूला होती. हे वाक्य मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटलो होतो, जणू ते पटवून दिलं की काहीतरी बदलेल. बायको गेली तेव्हा मुलगी सातवीत होती. आता तीच मुलगी, ज्या दिशेने ती गाडी आली त्याच दिशेने, दर शनिवारी येणार होती.

मी आधी समजावलं, मग रागावलो, मग दोन दिवस फोन केला नाही. माझा राग घरात सगळ्यांना पाठ होता, आता सगळे म्हणजे ती एकटीच. तिने स्वतःहून फोन केला आणि चेष्टेत तोडगा काढला. "बाबा, तुम्ही दोन मिनिटांच्या आत या. मग गाडीबद्दल तुम्ही म्हणाल ते ऐकेन. ट्रेनने येईन." मी तिथल्या तिथे कबूल केलं. तिला ती गंमत वाटली असेल. मला दुसरा मार्गच उरला नव्हता.

तेव्हापासून शाळेतून आलो की चहा टाकायचा आणि टेबलाशी बसायचं. वेग कसा वाढतो हे मला कुणी शिकवायला नको. वळणाची त्रिज्या मोठी झाली की त्याच पकडीत गाडी जास्त वेगाने वळते, हे मी दरवर्षी फळ्यावर वर्तुळ काढून शिकवतो. शर्यतीच्या गाडीला त्रिज्या मोठी करायची तर सगळा रस्ता वापरावा लागतो. उजवं वळण असेल तर डाव्या कडेने आत शिरायचं, मध्यावर उजव्या कडेला चाटून जायचं आणि बाहेर पडताना पुन्हा डावीकडे सुटायचं. याहून सोपं काही नाही. फक्त माझे हात ते करत नाहीत.

मी डाव्या बाजूने जातो. समोर सगळा रस्ता मोकळा असतो, तो रस्ता एकाच दिशेचा आहे हे मला ठाऊक असतं, तरी वळण आलं की स्टिअरिंगवरचे हात आपसूक डावीकडे ओढतात. मनातल्या मनात मी रस्त्याच्या मध्ये पांढरी रेघ आखलेली असते आणि तिच्या पलीकडची जागा दुसऱ्या कुणाची तरी असते. उतारावर तर मी समोरून चढणाऱ्या गाडीसाठी वेग कमी करतो. आपल्याकडे घाटात चढणाऱ्याला आधी वाट द्यायची रीत आहे, आणि ती रीत माझ्या पायात इतकी भिनली आहे की समोर कुणी नसताना पाय ब्रेकवर जातो.

हॉर्नचंही तेच. खेळातल्या गाडीला हॉर्न होता, डाव्या अंगठ्याखाली त्याचं बटण. शर्यतीत हॉर्नला काय काम, पण वळणापलीकडचं दिसत नसलं की माझा अंगठा दाबला जायचाच. शेजारच्या वहिनींचं भाताचं खाचर आमच्या परसाला लागून आहे. एकदा त्या कुंपणाशी येऊन विचारत्या झाल्या, "सर, घरातनं हॉरन वाजतो. मला वाटलं दारात टेंपो आला. बघते तर कोण नाय." मी म्हटलं, संगणकावर गाडी चालवतो. त्या म्हणाल्या, की चालवा, पण जपून चालवा. माझी थट्टा करण्याचा त्यांचा अजिबात विचार नव्हता.

मुलीला माझी अडचण कळेना. मी तिला ती नीट सांगितली नव्हती. मी ब्रेक लवकर लावतो असं तिला वाटायचं, मग वाटलं की पेडलं खराब झाली असतील. शेवटी तिने तिच्या फेरीची सावली पाठवली. या खेळात तशी सोय आहे. दुसऱ्याने मारलेली फेरी एका धूसर, आरपार दिसणाऱ्या गाडीच्या रूपाने तुमच्या पुढे धावते. तिला धडकता येत नाही, तिला थांबवता येत नाही. तिच्या मागे मागे जायचं आणि ती कुठून जाते ते बघायचं, की वेळ आपोआप सुधारतो, असं मुलीचं म्हणणं.

त्या ट्रॅकवर एक उजवं वळण आहे. रस्ता आधी चढतो, मग झाडांच्या आड वळतो आणि तिथेच उतरतो, त्यामुळे पलीकडचं काहीच दिसत नाही. मुलीची धूसर गाडी तिथे वेग कमी न करता सरळ उजव्या कडेला घुसायची आणि उतारापलीकडे दिसेनाशी व्हायची. मी डावीकडून मागे राहायचो. पुन्हा फेरी सुरू केली की ती पुन्हा पुढे, पुन्हा उजवीकडे, पुन्हा नाहीशी. संध्याकाळभर मी हे बघत बसलो होतो. ती नुसती नोंद आहे, मुलगी पुण्यात ऑफिसात बसली आहे, हे स्वतःला कितीदा बजावलं तरी दर वेळी ती उजवीकडे गेली की माझा अंगठा हॉर्नवर जायचा. मी तिला हॉर्न देत होतो.

शेवटी एका रविवारी मी हट्टाला पेटलो. मुलीला ट्रेनने आणायचं असेल तर हे करावंच लागणार होतं. हॉर्नच्या बटणावर चिकटपट्टी लावली. पहिल्या वळणाला दात आवळून स्टिअरिंग उजवीकडे दिलं आणि गाडी कडेला चाटून गेली. काही झालं नाही. दुसऱ्या वळणाला सोपं गेलं. तिसऱ्याला तर मजा वाटली, हे लिहितानाही मला कसंसंच होतं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यातले वेळेचे आकडे, जे कायम लाल असायचे, ते हिरवे झाले. मी मुलीच्या पुढे होतो. मग तो झाडीतला चढ आला आणि मी न दिसणाऱ्या वळणावर, अजिबात वेग कमी न करता, उजवीकडे घुसलो.

पलीकडे अर्थातच कुणी नव्हतं. मोकळा रस्ता, उतार, आणि हिरवे आकडे. ते दोन मिनिटांच्या आत बसणार होते, उरलेली दोन वळणं सोपी होती. मी ब्रेक दाबला. पाय इतका जोरात दाबला गेला की खालचं पेडल सरकलं. गाडी रस्त्याच्या मधोमध उभी राहिली, आकडे चालू राहिले, पुन्हा लाल झाले. मी उठलो आणि भात लावला. ज्या एका गोष्टीने माझं घर मोडलं ती शिकल्याशिवाय मला माझ्या मुलीला त्या रस्त्यापासून दूर ठेवता येणार नव्हतं, आणि ती मला जमत होती. मला इतकं असहाय कधी वाटलं नव्हतं, ते दवाखान्यात बसलो होतो तेव्हाही नाही.

पुढच्या शनिवारी मुलगी गाडीने आली. मी दुपारपासून ओट्यावर उभा होतो, पण तिला सांगितलं की आत्ताच बाहेर आलो. जेवणं झाल्यावर ती म्हणाली, एक फेरी मारून दाखवा, मी मागे बसून बघते. मी मारली. नेहमीसारखी, डावीकडून. चिकटपट्टी मी केव्हाच काढून टाकली होती, तेव्हा हॉर्नही वाजले. पहिल्या हॉर्नला ती खो खो हसली. दुसऱ्याला कमी हसली. झाडीतल्या चढावर मी वेग कमी केला, डावी कड धरली आणि अंगठा दाबला, तेव्हा ती हसली नाही. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"बाबा, इथं समोरून कुणी येत नाही."

"तो पण हेच म्हणाला होता," मी म्हणालो.

कोण, असं तिने विचारलं. मग मी स्टिअरिंग सोडलं आणि इतकी वर्षं न सांगितलेलं तिला सांगितलं. पोलीस चौकीत त्या गाडीवाल्याला बसवलं होतं. पंचविशीचा असेल. हातात कुणीतरी दिलेला चहा होता आणि तो त्याच्या शर्टावर सांडत होता. मी त्याला मारायच्या इराद्याने गेलो होतो. त्याने मान वर केली आणि म्हणाला, वाटलं नाही हो समोरून कुणी येईल. एवढंच. दारू नाही, मोबाइल नाही, वेगसुद्धा फारसा नाही. तो खोटं बोलत असता तर मला त्याचा राग धरून जगता आलं असतं. पण तो खरं बोलत होता, तेव्हा माझा उचललेला हात तसाच खाली आला.

पडद्यावर माझी गाडी झाडीत उभी होती आणि वेळ पुढे जात होता. मुलीने संगणक बंद केला आणि आम्ही दोघांनी मिळून भांडी आवरली. दोन मिनिटांचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. ट्रेनने येते असं ती म्हणेल, असं मला आतून वाटत होतं. ती म्हणाली नाही. तिचं वय, तिची गाडी, तिचा रस्ता. मी कुठल्या तोंडाने थांबवणार होतो.

रविवारी उन्हं उतरताना ती निघाली. डब्यात आमटी दिली, पोचल्यावर फोन कर म्हणालो, आरसे नीट बघ म्हणालो. शेजारच्या वहिनी खाचराच्या बांधावर उभ्या होत्या, त्यांनी तिला हात केला. पांढरी गाडी रस्त्याला लागली आणि मोरीकडे निघाली. मोरीच्या उजव्या वळणावर ती डावीकडे सरली, अगदी कडेला, हळू झाली, आणि मग हॉर्न वाजला. एकदा, आणि नंतर पुन्हा लांब.

"कुणाला वाजवते गं ही?" वहिनी म्हणाल्या. "रस्त्यात तर कोण नाय."

मी फाटकाला धरून कान देऊन उभा राहिलो. त्याच्या पुढची वळणं आमच्या घरातून ऐकू येत नाहीत.