कमरेला सुपारी

जन्मभर मी दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या. आठवीत शाळा सुटली आणि हातात स्टिअरिंग आलं, ते म्हातारा होईपर्यंत होतं. आमचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर घोड्यावर बसून ग्वाल्हेरला आले म्हणतात. मी शेटजींच्या गाडीवर बसलो. घोडा काय आणि गाडी काय, मालक दुसराच.

बायकोची एकच हौस होती. आपली गाडी असावी, मी चालवावी आणि तिनं पुढं माझ्या शेजारी बसावं.

"मागं नाही हं बसणार," म्हणायची. "मागं बसले तर लोकांना वाटेल, हा हिचा ड्रायव्हर."

"मग, आहेच की."

"इतक्या वर्षांत माझं ऐकून एक वळण तरी घेतलंत का?"

मुलानं गाडी बुक केली तेव्हा रंग तिनंच पसंत केला. गर्द लाल. मी म्हटलं, पांढरी घे. म्हणाली, पांढरी तुमच्या शेटजींना, मला नको. गाडीला वेटिंग होतं. ते संपायच्या आत ती गेली. सकाळी चहा टाकता टाकता छातीत कळ आली. ऑटोतून दवाखान्यात नेली. पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मग शोरूमचा फोन आला. मुलगा म्हणाला, "बाबा, कॅन्सल करून टाकू का? आत्ता कुणाचं मन आहे?" मी म्हटलं, कॅन्सल कशाला? तिनं पसंत केलेली गाडी आहे. घरी येईल. पण मनात एक गोष्ट पक्की केली होती. शेजारच्या सीटवर कुणाला बसू द्यायचं नाही.

शोरूममध्ये गाडीवर कपडा घातलेला. तो ओढून काढला, चार पोरांनी टाळ्या वाजवल्या. तिथली मुलगी म्हणाली, "अंकल, आंटीजी को भी बुलाइए ना, फोटो में फैमिली पूरी आनी चाहिए." मी म्हटलं, "पूरी इतनी ही है." तिची काय चूक? पण मग कुणाला हसता येईना. फोटोत आम्ही तिघं, मी, मुलगा आणि सून, पोलिसानं धरून आणल्यासारखे उभे आहोत.

गाडी चांगली आहे, खोटं कशाला बोलू. चाबी फिरवायची नाही, बटन दाबायचं. इंजिन चालू झालं हे मला कळलंच नाही, मी परत दाबलं तर बंद. क्लच लोण्यासारखा. बोनेटचं टोक मात्र सीटवरून दिसत नाही, हे काही मला पटलं नाही. सीटवर अजून प्लॅस्टिक होतं. आत नवा वास होता, रबराचा, रंगाचा. लोकांना तो आवडतो. मला वाटलं, या वासात आपलं कुणीच नाही.

मुलगा पुढचं दार उघडायला लागला. मी म्हटलं, "मागं बस." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि सुनेबरोबर मागं बसला. थोड्या वेळानं वातावरण हलकं करायला म्हणाला, "चलो ड्रायव्हर, नई सडक के बाजार से लो." मला हसू आलं नाही. सुनेनं त्याला कोपरानं ढोसलं ते आरशात दिसलं.

घरापाशी गाडी लावली. मी उतरलो, वळसा घालून गेलो आणि मागचं दार उघडून धरून उभा राहिलो. जन्माची सवय. हात आपोआप गेला. सून उतरेचना. डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "बाबा, तुम्ही असं नका ना करू." तेव्हा मला कळलं मी काय करतोय.

गुरुजी येऊन बसलेच होते. म्हणाले, वर्ष व्हायचंय, थाट नको, साधी पूजा करू. मुलगा-सून जोडीनं बसू द्या.

मी म्हटलं, "गाडी माझी आहे. मीच बसणार."

"मग कमरेला सुपारी लावा. पत्नीच्या जागी."

"एवढीशी सुपारी? गुरुजी, तुम्ही तिला पाहिलं होतंत ना?"

गुरुजी म्हातारे आहेत, माझ्याच वयाचे. म्हणाले, "पाहिलं होतं. माझ्या घरच्या गेल्या तेव्हापासून मी पण लावतो. वाद घालू नका, खोचा."

खोचली. कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. सुनेनं ओवाळलं. गाडी पुढं घेताना बेल्ट लावला तर सुपारी कमरेत रुतायला लागली. काढली नाही.

गुरुजी जाताना म्हणाले, ती वाहत्या पाण्यात सोडा. वाहतं पाणी आणायचं कुठून? स्वर्णरेखा नदीचा तर नाला झालाय, तिथं मी माझी चप्पल सोडणार नाही. वाहतं नसलं तरी स्वच्छ पाणी, म्हणून दुसऱ्या दिवशी तिघऱ्याच्या धरणावर निघालो. मुलगा म्हणाला, मी येतो. न सांगता मागं बसला.

पाण्यापाशी गेल्यावर कमरेची सुपारी काढून हातात घेतली. गरम झाली होती, अंगाची ऊब लागून. सोडली. आवाज पण झाला नाही. मी तिथंच दगडावर बसून राहिलो. मुलगा जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "बाबा, मी आईचा पण मुलगा आहे. सगळं तुम्हालाच दुखतं असं नाही."

खरं होतं. मी उठलो.

गाडीपाशी आलो तर तो मागच्या दाराकडं वळला. मी म्हटलं, "पुढं बस."

"नक्की?"

"बस म्हटलं ना. बेल्ट लाव, नाही तर गाडी ओरडते."

तो बसला. पाय लांब आहेत त्याचे. खाली हात घालून त्यानं सीट मागं सरकवली, पार शेवटपर्यंत. ती असती तर पुढं घ्यावी लागली असती, बुटकी होती. किती पुढं, ते आता कुणालाच माहीत नाही.