नवसाच्या कोंबड्याची नखं

पोशीरला आमचं आणि काकीचं घर एकमेकांना खेटून आहे आणि अंगण एकच. माणसांच्या वाटण्या झाल्या, भातखाचरांच्या झाल्या, कोंबड्यांना मात्र वाटणी कुणी समजावून सांगितली नाही. त्या आमच्याकडचे दाणे खातात आणि काकीच्या पेंढ्यात अंडी घालतात. म्हणून खूण करायची. आई जुन्या साडीच्या काठाची चिंधी कोंबडीच्या पायाला बांधते. काकीही चिंधीच बांधते, फक्त दुसऱ्या पायाला. चिखलात चिंधी गळून पडली की दोघी जावा अंगणात उभ्या राहून एकमेकींचं माहेर काढतात. लहानपणापासून हे ऐकत आल्यामुळे दोन्ही माहेरांची मला चांगली माहिती आहे.

गेल्या पावसाळ्यात आप्पांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. आप्पा काचेच्या दारापलीकडे आणि आई बाहेर बाकड्यावर. डॉक्टर काही सांगत नव्हते, किंवा सांगत होते ते तिला कळत नव्हतं. तिने गावदेवीशी थेट बोलणं लावलं. हे घरी चालत आले तर चैत्रात तुला कोंबडा देईन.

आप्पा घरी आले ते भाड्याच्या इको गाडीतून, आणि रस्त्यापासून ओट्यापर्यंत चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून आणलं. ओट्यावर टेकले आणि पहिलं वाक्य बोलले, "चालत कुठं आलो मी? तुजा नवस लागूच नाय."

आईने खुराड्यातून एक तरणा कोंबडा काढला, आप्पांवरून ओवाळला आणि खाली सोडला. आता यांचं दुखणं त्या कोंबड्यावर गेलं, असं तिचं गणित. देवीला द्यायचा तो हाच. बदली चालत नाही.

प्रश्न होता खुणेचा. चैत्राला बरेच महिने होते आणि आमचे सगळे कोंबडे एकाच बापाचे, तांबडे, काळ्या शेपटीचे. त्यात आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू. चिंधीचा भरवसा नाही. तिने लाल गोंडा बांधून पाहिला तर बाकीच्यांनी टोचून टोचून त्याचा पाय सोलला. कोंबडीला लाल दिसलं की चोच मारल्याशिवाय राहवत नाही. तेव्हा मी सासरहून, मोहोपाड्याहून, नेलपॉलिश आणली. फिकट गुलाबी. माझ्या नणंदेने 'हा रंग तुला उठून दिसत नाही' म्हटल्यापासून कपाटात पडलेली. कोंबड्याला मात्र उठून दिसली. आईने त्याला मांडीत धरलं, मी नखं रंगवली, आणि सुकेपर्यंत फुंकर आप्पांनी मारली. ब्यूटी पार्लरला एवढी माणसं लागत नाहीत.

डॉक्टरांनी आप्पांना सकाळ-संध्याकाळ चालायला सांगितलं होतं. आईने सांगितलं की ते हटकून बसून राहायचे. बायकोच्या सांगण्यावरून चालायला ते काय बैल आहेत? पण कोंबडा त्यांच्या मागे लागला. आप्पांच्या खिशात तांदळाच्या कण्या असायच्या, हे त्याला कळलं होतं. अंगणातून गोठ्यापर्यंत, मग रस्त्यापर्यंत, मग शेताच्या बांधापर्यंत. पुढे आप्पा, मागे गुलाबी नखांचा कोंबडा. मी रविवारी जायची तेव्हा हे दोघे परतताना दिसायचे. आप्पा त्याच्याशी राजकारण बोलायचे. घरात त्यांच्या राजकारणाला कधी श्रोता मिळाला नव्हता.

फाल्गुनात आप्पांचा मला फोन आला. "नेलपॉलिश उडाली गं. दोन बाटल्या आण, तोच रंग." मी नेऊन दिल्या. दोन कशाला, हे विचारायचं मला सुचलं नाही.

देवीच्या दिवशी सकाळी आई टोपली घेऊन अंगणात आली. मी तिच्याबरोबर होते. अंगणात जेवढे कोंबडे होते तेवढ्या सगळ्यांची नखं गुलाबी होती. एक कोंबडीसुद्धा गुलाबी होती, ती बहुधा अंधारात चुकून सापडली असावी. काकीच्या कोंबड्यांच्या चिंध्या गायब आणि नखं गुलाबी. काकी पदर खोचून बाहेर आली. "आमच्या कोंबड्यांना कोनी नटवलाय?"

आप्पा ओट्यावर पेपर वाचत होते. पेपर धरलेली बोटं गुलाबी होती.

"नवसाचा कुठला?" आईने विचारलं.

"मला काय ठावं? देवीला इचार. तिला समदं कळतं ना?"

मला हसू आवरेना. काकीही तोंडाला पदर लावून हसायला लागली आणि म्हणाली, "उचल गं कुठला पन. देवी काय नखं बघाय बसलीय?"

आई हसली नाही. कोंबड्यांमधून फिरली, वाकून एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, डोळे बारीक केले. कोंबडा डोळ्यांत बघून ओळख देत नाही. एकाला धरलं, सोडलं. दुसऱ्याला धरलं, सोडलं. मग टोपली उलटी टाकून तिच्यावरच बसली.

"अवो," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "त्या काचेपल्याड तुमी होता. मी एकटी होते बाकड्यावर. कोन काय सांगंना. मला दुसरा काय करता येत होता? देवीला बोलले. तिनं आयकला. आता तुमी मला तिच्याम्होरं खोटी पाडताय. उद्या पुन्ना तुमाला काय झाला, तर मी कंच्या तोंडानं मागू?"

माझं हसू थांबलं. देवी-नवसावर माझा विश्वास नाही. पण त्या बाकड्यावर मी तिच्या शेजारी नव्हते, औषधांसाठी खाली फिरत होते. विश्वासाबद्दल बोलायचा हक्क मला नव्हता, एवढं तेव्हा कळलं.

आप्पांनी पेपराची घडी घातली. खाली उतरले. खिशात कण्या नव्हत्या, त्यांनी जीभ टाळूला लावून नुसता टक् टक् आवाज केला. सगळ्या कोंबड्यांनी माना वर केल्या आणि परत खाली घातल्या. एक जण मात्र गोठ्याआडून धावत आला आणि त्यांच्या पायाशी येऊन उभा राहिला. आप्पांनी त्याला उचललं. त्याने जराही फडफड केली नाही. त्याच्या नखांकडे आप्पांनी पाहिलंसुद्धा नाही.

"हाच," ते म्हणाले आणि आईच्या हातात दिला. मग आत जाऊन निजले.

दुपारी सगळे जेवले. आप्पांना डॉक्टरांनी रस्सा बंद केलेला, त्यांच्या ताटात दुधी होता. ते दुधीला नेहमी नावं ठेवतात. त्या दिवशी मुकाट्याने खाल्ला, आणि त्याचीच मला भीती वाटली.

संध्याकाळची फिरायची वेळ झाली तरी ते उठेनात. मी दोनदा सांगून पाहिलं. "पाय दुखतान," म्हणाले. तेवढ्यात आई हात पुसत बाहेर आली. तिने चपला घातल्या आणि पायरीशी जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ही दोघं मिळून कधी नुसती फिरायला गेल्याचं मला आठवत नाही.

"चला," आई म्हणाली. "मी येते मागं मागं."

आप्पांनी तिच्याकडे पाहिलं. "तू बोलत येशील," ते म्हणाले. "तो गप यायचा."

"बोलनारच," आई म्हणाली. "बोलायलाच तर तुमाला मागून घेतलाय."