अण्णांच्या माशांचा ताप

आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, आणि सासऱ्यांच्या माशांना ऐन एप्रिलमध्ये हुडहुडी भरवणाराही मीच पहिला. पहिल्या गोष्टीचं श्रेय आईवडिलांना आणि शाळेतल्या गुरुजींना. दुसरी मात्र मी स्वतःच्या हिमतीवर केली.

माझे सासरे, म्हणजे अण्णा, बेंगळुरातल्या जयनगरचे. त्यांचं मराठी घराणं इथं इतकं जुनं की बोलताना मराठी कुठं संपतं आणि कानडी कुठं सुरू होतं, हे त्यांनाही सांगता येत नाही. मी परभणीकडचा. नोकरीसाठी इथं आलो तेव्हा माझ्याकडे दोन बॅगा आणि एक टेबललॅम्प होता. या माणसांनी मला मुलगी दिली, वर राहायला वरचा मजलाही दिला. हे उपकार कसे फेडावेत या विचारात मी कायम असायचो. गेल्या वर्षी अण्णा आणि अक्का (माझ्या सासूबाई) लग्नासाठी तंजावरला निघाले आणि मला संधी मिळाली.

त्यांच्या हॉलमध्ये काचेची टाकी आहे. तिच्यात एंजल माशांची जोडी. त्या जोडीनं पहिल्यांदाच एका पानावर अंडी घातली होती.

“जावईबापू, स्वल्पच काम आहे,” अण्णा म्हणाले. “सकाळी चिमूटभर दाणे टाका. आणि काचेवरची ही पट्टी बघा. पाणी जेवढं गरम, तो आकडा हिरवा होतो. अठ्ठावीसच्या वर जाऊ देऊ नका. अंडी नाजूक असतात.” मग थोडं लाजून म्हणाले, “आम्ही आजोबा होणार, बघा!”

“अण्णा, मी नजर हलवणार नाही!”

“अण्णा, यांना एवढं सांगू नका हो,” माझी बायको नंदिनी म्हणाली. “हे खरंच हलवणार नाहीत.”

शनिवारी सकाळी मी कामाला लागलो. अडचण एकच होती. पट्टी मागच्या बाजूला, आकडे मुंगीएवढे, आणि अक्कांच्या जाड पडद्यांमुळे हॉलमध्ये अंधार. मी वर जाऊन माझा टेबललॅम्प आणला. हिरव्या पत्र्याच्या टोपीचा हा लॅम्प दहावीत वडिलांनी घेऊन दिलेला. त्यात अजूनही जुना पिवळा बल्बच लावतो, कारण त्याच उजेडात मी पास होत आलोय. लॅम्पची मान पट्टीजवळ वाकवली, खुर्ची ओढली आणि बसलो.

चहा संपेपर्यंत एकोणतीस!

“नंदिनी! एकोणतीस!”

“एप्रिल आहे हो,” ती लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाली.

तीस. मी टाकीतल्या हीटरची पिन उपटली. एकतीस! हीटर बंद केल्यावर पाणी तापतं? पण मी इंजिनीअर आहे. बिघाड शोधायची माझी पद्धत पक्की : एका वेळी एकच उपाय, आणि प्रत्येक उपायानंतर आकडा नीट वाचायचा. झाकण काढलं, आकडा वाचला. पंखा लावला, वाचला. आमच्याकडे माठाला गुंडाळतात तसं टाकीला ओलं फडकं गुंडाळलं, पुन्हा वाचला. (वाचताना चूक नको, म्हणून दर वेळी लॅम्प बोटभर आणखी जवळ ओढत होतो.)

बत्तीस!

इथल्या शिवाजीनगरात शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, “सर, बर्फ डायरेक्ट मत डालना. बोतल में भर के डालो.” मी बर्फाच्या बाटल्या सोडल्या. बाटल्या संपल्या तेव्हा अक्कांच्या फ्रीजरमधला डबा सोडला.

“अहो, त्यात खवलेला नारळ आहे!” नंदिनी किंचाळली.

“झाकण घट्ट आहे!”

चौतीस!!

तेवढ्यात दोन्ही मासे पोहत पोहत लॅम्पच्या कोपऱ्यात आले आणि काचेला चिकटून माझ्याकडे बघत राहिले. मला भरून आलं.

“बघ, मला धीर द्यायला आलेत.”

“मला तर ते हात जोडतायत असं वाटतंय,” नंदिनी म्हणाली.

अशा वेळी परभणीहून आईचा व्हिडिओ कॉल आला.

“जेवलास का रे?”

“आई, अण्णांचे मासे मरायलेत!” मी मोबाइल टाकीसमोर धरला.

आईनं टाकी पाहिली. बाटल्या पाहिल्या. नारळाचा तरंगता डबा पाहिला. मग म्हणाली, “ते राहू दे. दिवसाढवळ्या दिवा कामून जाळायलास?”

“आकडे दिसत नाहीत गं.”

“मग पडदा सरकव की! बंद कर आधी तो दिवा. लाइटबिल काय सासरे भरायलेत म्हणून?”

भरतात सासरेच. पण आईचं मी आजवर ऐकत आलोय. दिवा बंद केला, पडदा सरकवला. पट्टीवरचा हिरवा आकडा उतरायला लागला. बत्तीस. एकोणतीस. पंचवीस. एकवीस. मग पट्टीवर हिरवं काहीच उरलं नाही, कारण त्याखालचे आकडेच तिच्यावर नव्हते.

मी पाण्यात बोट घातलं आणि ताबडतोब बाहेर काढलं. लॅम्पच्या टोपीला हात लावला, चटका बसला. होस्टेलमध्ये थंडीच्या दिवसांत याच पत्र्यावर मी हात शेकायचो, हे तेव्हा आठवलं.

नंदिनीनं सकाळपासून पहिल्यांदा लॅपटॉप मिटला.

“म्हणजे तुम्ही गरम काय करत होतात?”

“पट्टी.”

“आणि गार?”

“...मासे.”

हीटर पुन्हा लावला. संध्याकाळपर्यंत पाणी ठिकाणावर आलं, मासेही फिरू लागले. पानावर मात्र एकही अंडं नव्हतं. घाबरलेले एंजल आपलीच अंडी खातात, असं म्हणे. ही माहिती मी नंतर वाचली. आधी वाचायला वेळ नव्हता, आधी मी आकडे वाचत होतो.

अण्णा परतले ते चपला काढून थेट टाकीपाशी गेले. बराच वेळ पानाकडे बघत उभे राहिले. मी सगळं सांगायचं ठरवलं होतं, अगदी पहिलं वाक्यही पाठ केलं होतं. पण तोंड उघडायच्या आत अक्कांचा फोन वाजला. आईच होती, आणि अक्कांना फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची सवय.

“विहीणबाई, पोचलात का? माझ्यामुळं तुमचं लाइटबिल वाचलं बघा! हा पोरगा दिवसभर माशांना दिवा दाखवायलाता!”

मग आईनं सगळं सांगितलं. नारळासकट. टाकीत जागा असती तर मी आत जाऊन बसलो असतो.

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, “सरी, असू दे. पुन्हा घालतील.” पण बोलताना बघत होते रिकाम्या पानाकडे. मला रात्रीचं जेवण गेलं नाही. (चटणी त्याच नारळाची होती, हे एक कारण.)

काही आठवड्यांनी माशांनी खरंच पुन्हा अंडी घातली. आणि नेमकं तेव्हाच अण्णा-अक्कांना वास्तुशांतीसाठी म्हैसूरला जायचं निघालं. मी वरच्या मजल्यावर तोंड लपवून बसलो होतो. अण्णांनी हाक मारून मला खाली बोलावलं.

“जावईबापू, पट्टीवर नजर ठेवा.”

पुन्हा मलाच! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. एवढं झाल्यावरही एवढा विश्वास! मी दोघांना वाकून नमस्कार केला, बॅगा ऑटोत ठेवल्या आणि फाटकाशी उभा राहिलो. ऑटो सुरू झाली. अक्कांच्या मांडीवर एक कापडी पिशवी होती, अगदी जपून धरलेली. ऑटो वळली तेव्हा त्या पिशवीतून हिरव्या पत्र्याची टोपी वर आलेली दिसली.

मी लॅम्पलाही हात केला.