बेलोरा ते शिवनी, बावीस मिनिटं

मी अकोला सोडलं तेव्हा स्टेशनावर बाबा माझ्यापेक्षा घड्याळाकडेच जास्त पाहत होते. जन्मभर एसटीत कंडक्टर होते ते. "पोचली का फोन कर. तोवर मी जेवत नाई," एवढंच म्हणाले आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाण्याची बाटली हातात दिली. मला त्या फडक्याची लाज वाटली. गाडी हलताच मी बाटली सीटखाली सरकवली.

आमच्या घरची रीतच ती. येणाऱ्याला आधी पाणी, मग बोलणं, आणि तो येईपर्यंत बाबा उपाशी. बेंगळुरूत माझ्याकडे कोणी यायचं असलं तर मी लोकेशन पाठवते आणि जेवण ऑर्डर करून ठेवते. तुम्हीही माझ्यासारखे घर सोडून गेला असाल, तर असल्या सुटसुटीतपणाची सवय किती लवकर लागते ते तुम्हाला सांगायला नको.

अमरावतीला विमानसेवा सुरू झाली आणि दोन वर्षं घराकडे न फिरकलेल्या मला एकदम उत्साह आला. मुंबईमार्गे बेलोऱ्याचं, म्हणजे अमरावतीच्या विमानतळाचं, तिकीट काढलं. बाबांशी फोनवर बोलता बोलता एका वेबसाइटवर दिसलं : अमरावती ते अकोला विमानतळ, उड्डाणाचा वेळ बावीस मिनिटं. असल्या साइट नकाशावरच्या कुठल्याही दोन ठिपक्यांमध्ये रेघ मारून आकडा देतात. अकोल्याजवळच्या शिवनीच्या धावपट्टीवर प्रवासी विमान येतच नाही. मी गंमत म्हणून वाचून दाखवलं.

"म्हंजे शिवनीचं सुरू झालं का?" बाबांनी विचारलं.

"हो ना. येता का घ्यायला?" मी हसले. मीटिंग होती, फोन ठेवला.

जिथं अंतर आणि वेळ लिहिलेली आहे तिथं गाडी असतेच, हा त्यांचा नोकरीभरचा विश्वास. हे मला कळायला हवं होतं. लेक होते मी त्यांची.

भर मे महिन्यात, दुपारी बेलोऱ्याहून कॅब केली. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, सगळा रस्ता एसीत ऑफिसचे मेल पाहत आले. शिवनी गेली तेव्हा मान वर केली नाही. दारात आई म्हणाली, "एकटीच कावून? ते तुले घ्याले शिवनीले गेले न. अकरालेच गेले, काही न खाता. मोबाइल इथंच राह्यला."

त्याच कॅबनं आम्ही दोघी मागे गेलो. विमानतळाच्या गेटबाहेर बाबा लिंबाखाली बसले होते. सावली कधीच सरकली होती. हात लावला तर त्यांचं अंग नुसतं भाजत होतं. वॉचमन म्हणाला, "चार खेपा सांगतलं काकाले, इथं विमान येत नाई. म्हणे लेकीनं सांगतलं."

बाजूला बाटली होती, काठोकाठ भरलेली. फडकं वाळून कडक झालेलं. येणाऱ्याचं पाणी त्यांनी घोटभरही प्यायलं नव्हतं. मला पाहून बाटली पुढे केली. "घे. लेट झाली वाटते तुयी गाडी."

तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

आई म्हणते, "तुयी काही चूक नाई." आहे. त्या दिवशी "बाबा, गंमत केली" एवढं म्हणायला मला किती वेळ लागला असता?

मी आता दर दोन महिन्यांनी येते. शिवनीला कॅब थांबवते, त्या लिंबाखाली पाच मिनिटं उभी राहते आणि मग घरी जाते. आई पाणी देते. ती वेळेवर जेवून घेते, मीच तशी ताकीद दिली आहे. माझ्यासाठी उपाशी थांबलेलं त्या घरात आता कोणी नसतं.